खर्र, आणि मग टक्

पुलाचा चढ संपेपर्यंत काही नव्हतं. उतार लागला, लुआनं मुठीवरची पकड सैल केली, आणि खाली कुठून तरी आवाज आला. खर्र, आणि मग टक्. जरा थांबून पुन्हा तसंच. सकाळचे साडेसहा झाले होते. तिच्या मागेपुढे शे-दीडशे गाड्या त्याच उतारावरून मीथो शहराबाहेर चालल्या होत्या, त्यामुळे आधी तिला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा असेल. पुलाखाली फाटे फुटले, गाड्या पांगल्या. टोपल्या लादलेली एक भाजीवाली तेवढी शेजारून येत होती, तीही बाजाराकडे वळली. आवाज लुआबरोबर राहिला. गर्दीत कुणीतरी बराच वेळ आपल्या मागून चालत असावं आणि गर्दी सरल्यावरच ते कळावं, तसं तिला झालं. तिनं मूठ पिळली, आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडाला. मूठ सोडली, पुन्हा वर आला.

अजून अठरा किलोमीटर बांधावरून जायचं होतं. मार्चमध्ये नदी रोडावते आणि भरतीबरोबर समुद्र आत शिरतो. काठावरच्या, बागांकडे पाणी सोडणाऱ्या सात दारांशी थांबायचं, दोरीनं बाटली बुडवायची, पाण्यात मीठ किती ते यंत्रावर बघायचं आणि आकडा ऑफिसला कळवायचा, हे तिचं काम. आकडा चढला की दारं बंद होतात आणि बागांना पाणी मिळत नाही. बागायतदार तिच्या गाडीची वाट बघत बांधावर उभे असतात, ती फारसं बोलत नाही म्हणून तिच्या चेहऱ्यावरून आकडा ताडायला बघतात. तिला हे काम आवडायचं. यंत्र सांगेल ते लिहायचं. तुला काय वाटतं, असं कुणी विचारत नाही. पण त्या सोमवारी चौथ्या दाराशी तिनं आकडा दोनदा चुकीचा लिहिला आणि दोनदा खोडला. बांधाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला खोल चर, मैलभर माणूस नाही. उजव्या पायाशी ते चाललंच होतं, खर्र, आणि मग टक्, आणि प्रत्येक टक् झाल्यावर ती पुढच्याची वाट बघत होती.

ऑफिसजवळच्या मेकॅनिकनं कानातली गाण्याची तार न काढता एक फेरी मारली आणि म्हणाला, काही नाही ताई, प्लग बदलतो. प्लग बदलला, दुसऱ्या दिवशी आवाज होताच. बाजारातल्या दुसऱ्यानं गाडीकडे नीट न बघताच सांगितलं की इंजिन खोलावं लागेल. दोघांनीही विचारलं होतं, कसला आवाज? आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, वाजतंय काहीतरी. आवाज डोक्यात इतका स्पष्ट होता की हात घालून काढता आला असता. पण भर रस्त्यात दोन परक्या पुरुषांसमोर उभं राहून तोंडानं खर्र टक् करायचं, हे तिच्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

खरं म्हणजे तिला कुणाकडेच जायची गरज नव्हती. ती राहत होती त्या घराची पुढची खोली म्हणजेच गॅरेज होतं, तिच्या सासऱ्यांचं, चौतीस वर्षांचं. गल्लीत सगळे त्यांना भावंडांतल्या क्रमावरून सहावेकाका म्हणत, घरात बा. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत ती कुणाची आणि तिला काय झालंय ते बा सांगत, आणि बहुतेक वेळा मान वर न करता सांगत. लग्नानंतर चौथ्या महिन्यात लुआ एकदा तिची गाडी त्यांच्यासमोर घेऊन उभी राहिली होती. सायलेन्सरचा एक बोल्ट ढिला होता एवढंच. बांनी तो आवळला, पान्हा खाली ठेवला आणि तिथं बसलेल्या तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "सूनबाई, तू गाडीवर बसतेस, गाडी चालवत नाहीस. तुला ऐकूच येत नाही." गिऱ्हाइकं हसली. बासुद्धा हसले. त्यात विष नव्हतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवसानंतर सहा वर्षं तिनं गाडी दुरुस्तीला ऑफिसजवळच नेली. घरात गॅरेज असून सून गाडी बाहेर नेते, हे गल्लीनं पाहिलं, बांनीही पाहिलं, आणि कुणीच काही बोललं नाही.

आता बा बोलूच शकत नव्हते. चौदा महिन्यांपूर्वी एका दुपारी पान्हा हातातून पडला आणि पाठोपाठ ते. उजवा हात अर्धा परत आला, पाय ओढत का होईना चालू लागला, शब्द परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, बोलण्याची जागा गेली आहे, आत बाकी किती शाबूत आहे ते सांगणं अवघड. एकच शब्द मागे राहिला: उद्या. चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना दिवसातून वीस वेळा सांगून तो जिभेत इतका खोल गेला असावा की झटक्याच्या हाताला लागला नाही. बा, पेज देऊ? उद्या. दुखतंय का? उद्या. सुरुवातीला ते स्वतःच दचकायचे, दुसरा शब्द शोधत ओठ हलवायचे, कपाळावर घाम यायचा. मग त्यांनी शोधणं सोडलं. पुढच्या खोलीचं शटर खाली आलं आणि बा मागच्या पडवीत जाळीच्या झोळीत दिवसभर पडून राहू लागले.

खिएम, तिचा नवरा, वाईट माणूस नव्हता. सकाळी कामावर जायच्या आधी तो वडिलांची दाढी करायचा, जपून, हनुवटीला बोटानं उचलून धरून. पण त्यांच्याशी बोलताना बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्यानं बोलायचा, आणि त्यांच्याविषयी बोलताना ते तिथं नसल्यासारखा. येत्या रविवारी थोरली नणंद, दीएप ताई, बाक लिऊहून यायची होती. तिची कोळंबीची तळी होती, मोकळी हवा होती, घरात सतत चार माणसं होती. बांनी तिकडे जायचं आणि पुढची खोली मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला भाड्यानं द्यायची, असं बहीणभावांचं फोनवर ठरलं होतं. बा दोन हातांवर झोळीत असताना ठरलं होतं. लुआला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती काय म्हणाली असती हे तिला माहीत नव्हतं. कारण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. बांचं बोलणं गेलं त्या पहिल्या आठवड्यात, त्यांच्या तोंडात चमच्यानं पेज घालताना, तिला हलकं वाटलं होतं. आता हा माणूस मला काही बोलणार नाही. तो विचार येऊन गेला आणि तिनं चमचा जरा जास्तच काळजीनं पुसला. तेव्हापासून ती त्यांचं सगळं वेळेवर करायची, औषध, अंघोळ, उशीचे अभ्रे, आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघायची नाही.

बुधवारी भरती लवकर होती म्हणून ती दुपारी बारालाच घरी आली. बांना भरवून झालं, पडवीतल्या नळाखाली वाडगा धुवायला ती उकिडवी बसली. ऊन अंगणातल्या फरशीवर पांढरंफटक पडलं होतं, शेजारची कुत्री सावलीला गेली होती, आणि त्या शांततेत तिला कारण नसताना लहानपणच्या घाटाच्या पायऱ्या आठवल्या. सात वर्षांची लुआ संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसायची. तिचा बाप नारळ वाहून न्यायचा, आणि नदीवरच्या सगळ्या बोटींमधून त्याच्या बोटीचं इंजिन तिला वळणाच्या पलीकडून ओळखू यायचं. त्याला मध्येच एक ठसका लागायचा, फुट् फुट् फुट् आणि मग एक गिळलेलं काहीतरी. तो ठसका ऐकला की ती घरात ओरडून सांगायची, भात वाढा. एका संध्याकाळी ठसका आला, ती ओरडली, आईनं भात वाढला, बोट वळणावरून पुढं आली आणि तिच्यावर भलताच माणूस बसला होता. बापानं बोट विकली होती आणि तो कामाला सैगॉनला निघून गेला होता, न सांगता. तीन वर्षांनी परत आला, चांगला वागला, सगळं झालं. पण त्या संध्याकाळी आवाज अगदी तोच होता, त्यात काहीच खोटं नव्हतं, आणि तरीही... लुआ वाडगा विसळत राहिली. पाण्याची धार वाडग्यावर पडत होती. तिच्या नकळत तिच्या घशातून निघालं, "खर्र..." आणि मग जीभ टाळूला लागून, "टक्."

झोळी करकरली. तिनं वळून पाहिलं तर बांनी मान उचलली होती. ते तिच्याकडे बघत होते, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदाच तिनं डोळे बाजूला घेतले नाहीत, कारण तेवढा वेळच मिळाला नाही.

"टॉक?" बा म्हणाले.

तो शब्द नव्हता. पोकळ, घशातला, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज होता, आणि त्याच्या शेवटी प्रश्न होता. लुआ ओल्या हातांनी तशीच बसून राहिली. मग तिनं मान हलवली. नाही, टॉक नाही. टक्. बारीक. बांनी डोळे मिटले, ओठ आत ओढले आणि दुसरा एक आवाज काढला, "चट्", पातळ पत्रा वाकल्यासारखा. तिनं पुन्हा मान हलवली. "टख्"? नाही. मग त्यांनी जिभेचं टोक दातांमागे लावून अगदी हलकेच काढला, टक्, आणि लुआच्या मानेवरून सरसरून काटा गेला, कारण तो तोच होता. पुलावरचा. चौथ्या दारावरचा. तो आता तिच्या डोक्यात एकटा नव्हता. "हो," ती म्हणाली, "हो, बा, तोच. पण आधी खर्र." बांनी खर्र करून दाखवला, जाडा. तिनं तिचा करून दाखवला, सुका. दोघं पडवीत समोरासमोर बसून कितीतरी वेळ असं करत होते. मध्येच तिला जाणवलं की आपण मोठ्यानं आवाज काढतोय आणि भिंतीपलीकडच्या बाईला ऐकू जात असेल, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

बांनी बोट गल्लीकडे केलं. तिनं गाडी बोळातून पडवीत आणली, डबल स्टँडवर लावली, सुरू केली. बा झोळीतून उठून काठी टेकत आले, कान इंजिनाजवळ नेला, मग मागच्या चाकाजवळ. चेहरा कोरा. उभ्या गाडीवर आवाज येत नव्हता. लुआला वाटलं, झालं, संपलं, आता ते परत झोळीत जातील. पण बांनी डावा हात पुढे केला, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि तळवा हवेत तिरका धरून वरून खाली नेला. पुन्हा चावीला हात लावला, पुन्हा तळवा वरून खाली. तिला समजेना. तेल? पाणी? उतरवू? "उद्या," बा चिडून म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दावर आणखी चिडले. कपाळावर तोच जुना घाम आला. त्यांनी काठी टाकली, तिचं मनगट पकडलं, तिच्या बोटांनी चावी बंद करायला लावली आणि तिचाच हात तसा वरून खाली नेला, सावकाश, आणि तोंडानं वाऱ्यासारखा सूं आवाज काढला. पूल, लुआला कळलं. पुलाचा उतार. इंजिन बंद करून.

गुरुवारी सकाळी गर्दी व्हायच्या आधीच ती पुलाच्या माथ्यावर पोचली. कडेला घेतलं, गाडी न्यूट्रल केली, चावी फिरवली. इंजिन थांबल्यावर एवढी शांतता होईल असं तिला वाटलं नव्हतं. खाली नदी रुंद आणि मातकट पसरली होती, हेल्मेटच्या फटीतून वारा वाजत होता, गाडी आपल्याच वजनानं उताराला लागली आणि त्या शांततेत तो आला. खर्र, टक्. आधीपेक्षा स्पष्ट, आधीपेक्षा साधा. म्हणजे इंजिनात नव्हता. इंजिन खोलायला निघालेला माणूस चुकला होता, प्लगवाला चुकला होता, आणि झोळीत पडलेला माणूस पडवीत बसून बरोबर दिशेनं चालला होता. पूल संपेपर्यंत तिनं आवाज मोजले. भीती होतीच, चाकाखाली काहीतरी तुटायच्या बेतात आहे ही. पण तिच्या शेजारीच दुसरं काहीतरी होतं, ज्याला तिला लगेच नाव देता आलं नाही. पायऱ्यांवर बसलेली असताना वळणापलीकडून ठसका ऐकू येई तेव्हा जे व्हायचं, ते.

दुपारी तिनं बांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, नुसती मान डोलावली, पुढचं गिऱ्हाईक घ्यावं तशी. मग त्यांनी तिला गाडी गल्लीत ढकलायला लावली, इंजिन बंद ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. स्वतः मागच्या सीटवर डावा हात ठेवून पाय ओढत बरोबर चालले. हू तिऊची, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांची गाडी लावणारी समोरची बाई शेवया उकळायच्या सोडून बघत उभी राहिली. बांनी मागच्या चाकाच्या हवा भरायच्या नळीकडे बोट दाखवलं. नळी खाली येऊन गेली की एक फेरा. लुआनं मोजलं. एक, दोन, जवळजवळ तीन, टक्. पुन्हा एक, दोन, जवळजवळ तीन, टक्. चाकातलं काही असतं तर दर फेऱ्याला वाजलं असतं, हे तिचं तिलाच सुचलं, आणि सुचल्यावर ती गल्लीच्या मध्येच थांबली. चाकापेक्षा सावकाश फिरणारं, चाकाच्या तीन फेऱ्यांत एकदा पुरं होणारं काय आहे? तिनं बांकडे पाहिलं. त्यांना उत्तर केव्हाच कळलेलं होतं, तिच्या लक्षात आलं. ते तिच्यासाठी थांबले होते.

"चेन," ती म्हणाली.

बांनी काठीनं चेनकव्हरवर दोनदा ठोकलं.

ते कव्हर चारी बाजूंनी बंद होतं, म्हणून आतलं कुणी पाहिलं नव्हतं. पान्हे पुढच्या खोलीत होते. शटर वर करताना चौदा महिन्यांची धूळ तिच्या डोळ्यांत गेली आणि तेलाचा, रबराचा, जुन्या लोखंडाचा तो वास आला, ज्याला ती इतकी वर्षं दाराआडून टाळत आली होती. फळीवर पान्हे मापानं लावलेले होते तसेच होते. बोल्ट गंजले होते. बांचा डावा हात आणि तिचे दोन, असं करत त्यांनी ते सोडवले. ती चुकीचा पान्हा उचलायची तेव्हा ते च्चक करायचे, बरोबर उचलला की काहीच करायचे नाहीत, आणि त्या काहीच न करण्याची तिला थोड्याच वेळात चटक लागली. कव्हर निघालं. चेन वीटकरी लाल झाली होती, आणि कड्यांच्या सांध्यांत पांढरं, खडबडीत काहीतरी बसलं होतं. बांनी चाक बोटानं फिरवलं, कडी कडी पुढं येऊ दिली. एक कडी आली, ती वाकलेली होती, सरळ व्हायला तयार नव्हती. तिच्या शेजारच्या पट्टीला केसाएवढी चीर गेली होती, एका काठापासून जवळजवळ दुसऱ्या काठापर्यंत.

लुआनं त्या चिरेवरून नख फिरवलं. नख अडकलं. बांधावरचा चौथं दार ते पाचवं दार हा पट्टा तिच्या डोळ्यांसमोर आला, जिथं भरतीचं पाणी रस्त्यावर उडतं आणि ती न थांबता त्यातून जाते, रोज, तिसरा हंगाम. त्या पट्ट्यावर ही तुटली असती तर मागचं चाक जागच्या जागी जखडलं असतं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चर. बांनी बोटाच्या टोकावर ते पांढरं घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. तिला कळेना. त्यांनी ते स्वतःच्या जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं. तिनंही बोट लावून चाखलं. खारट होतं. रोज सात ठिकाणी यंत्र बुडवून ती जे मोजत होती ते तिच्याच पायाशी साठत गेलं होतं. आधी बा हसले, मग ती. बांचं हसणं उजवीकडून लुळं होतं, लाळ गळली, तिनं पुसली, आणि पुसताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांनी एक बोट स्वतःच्या कानाला लावलं आणि मग तिच्याकडे केलं. तुला ऐकू येतं, असं म्हणाले, की ऐकत जा, असं, ते तिनं ठरवलं नाही.

रविवारी दीएप ताई अकराच्या बसनं आली, सुक्या कोळंबीची मोठी पिशवी घेऊन. आपल्या आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, बांना जवळ घेऊन त्यांच्या डोक्यावर बराच वेळ हात फिरवला, जेवण झालं आणि ती त्यांचे कपडे बॅगेत भरायला बसली. घड्या छान घालत होती. लुआ दारात उभी राहून तीन सदरे भरून होईपर्यंत बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "बा जाणार नाहीत."

तिला स्वतःलाच तो आवाज अनोळखी वाटला. दीएप ताईनं हातातला सदरा न ठेवता विचारलं, हे तू ठरवलंस का? लुआ म्हणाली, मी नाही, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. विचारून काय मिळणार, ते आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, असं ताई म्हणाली, आणि ते ती दुष्टपणानं म्हणाली नाही, थकून म्हणाली. मग लुआनं फडताळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती कडी आणून ताई आणि खिएमपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, पुलापासून मिठापर्यंत. तिनं एवढं सलग बोललेलं खिएमनं कधी ऐकलं नव्हतं. तो कडी उजेडाकडे धरून चीर बघत राहिला, आणि मग चीर सोडून बायकोकडे. दीएप ताई म्हणाली, "हाताला सवय असते, लुआ. हात म्हणजे माणूस नव्हे."

"हात नाही लावला त्यांनी, ताई. आधी ऐकलं. दोन दिवस नुसतं ऐकलं."

खिएम उठला आणि पडवीत झोळीशी जाऊन टेकला. या वेळी तो मोठ्यानं बोलला नाही. म्हणाला, बा, ताईकडे जायचं का तुम्हाला? बांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे, अंगणाच्या दाराकडे नजर लावली आणि शब्द लांबवत, गोड आवाजात म्हणाले, "उद्याऽऽ."

खिएम तसाच टेकून राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. लुआला वाटलं तो रडतोय, पण तो हसत होता. "ताई," तो म्हणाला, "ऐकलंस? हा वकिलाचा उद्या." लुआला काही कळलं नाही, ताईला मात्र कळलं, तिनं सदरा मांडीवर ठेवला. ज्याची गाडी खरंच उद्या मिळायची त्याला बा मान खाली ठेवून, तोडून उद्या म्हणायचे. आणि कोपऱ्यावरचा एक वकील होता, त्यानं एकदा बांना खोट्या साक्षीला बोलावलं होतं. त्याला त्यांनी दोन वर्षं असाच रस्त्याकडे बघत, असाच गोड, लांब उद्या दिला होता, शेवटी त्यानं गाडी विकली. दोन्ही मुलं त्या खोलीत वाढली होती. ते दोन उद्या त्यांना ओळखता येत होते, फक्त चौदा महिने त्यांनी शब्द ऐकला होता, आवाज नव्हे. दीएप ताई तिथंच, अर्ध्या भरलेल्या बॅगेशी, तोंडाला पदरासारखा सदरा लावून बसून राहिली. मग म्हणाली, ठीक आहे, मे महिन्यापर्यंत बघू. कव्हरवाल्याला खिएमनं संध्याकाळीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. जाताना ताईनं लुआचा दंड धरला, आणि तिच्या नजरेत राग होता की दुसरं काही, हे लुआ बस सुटल्यावरही ठरवू शकली नाही. आपलं माणूस दुसऱ्याला आपल्याआधी सापडलं की जे होतं, तेही त्यात असावं.

मंगळवारी दुपारी फोन आला. ताईला खिएम हवा होता आणि खिएम कामावर होता. तळ्यात हवा घालणाऱ्या चक्राची मोटर सकाळपासून भलताच आवाज करतेय, ती म्हणाली, मिस्त्री परवा येणार, आज मोटर बंद पडली तर कोळंबी गुदमरून वर येईल. आवाजात घाबरेपणा होता, तो ती लपवत होती. लुआ पडवीत होती. बा झोळीत नव्हते, पुढच्या खोलीत स्टुलावर बसून डाव्या हातानं पान्हे पुसत होते. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ताई, फोन मोटरजवळ धर."

पलीकडे पावलं वाजली. मग पाण्याचा चपाचपा आवाज मोठा होत गेला आणि त्याच्या पोटातून दुसरा, घुमणारा, अडखळणारा. लुआनं फोन बांच्या कानाशी नेला. बांनी फडकं खाली ठेवलं. डोळे मिटले. पुढच्या खोलीतल्या अर्ध्या उघड्या शटरखालून उन्हाची पट्टी त्यांच्या पायांपर्यंत आली होती. बराच वेळ त्यांनी ऐकलं, दोनदा भुवई वर गेली, आणि मग ते फोनमध्ये म्हणाले, "गुंऽऽ... कट्कट्. गुंऽऽ?"

"काय म्हणाले?" ताईनं विचारलं. "लुआ, काय म्हणतात बा?"

लुआनं फोन बांच्या तोंडाशी आणखी जवळ धरला. बा पुन्हा करून दाखवत होते, आधीपेक्षा सावकाश, प्रत्येक तुकडा वेगळा काढून, लहान मुलीला दाखवावं तसा. पलीकडे नुसतं पाणी वाजत होतं. आणि मग त्या पाण्यावर बेचाळीस वर्षांच्या बाईचा लाजलेला, जाडसर आवाज आला, "गुं... कट्?" बांनी जोरजोरात मान हलवली, जणू तिला ती दिसणार होती. लुआनं फोन त्यांच्या डाव्या हातात दिला, बोटं त्याभोवती नीट मिटवली, आणि तांदूळ धुवायला आत गेली. स्वयंपाकघरात तिला दोघांचे आवाज ऐकू येत राहिले. एकजण चुकत होती, दुसरा पुन्हा पुन्हा करून दाखवत होता, आणि घाई दोघांनाही नव्हती.